चौकोन कुठं गेला?

शनिवार सकाळ. चहा झालाय, पेपर वाचून झालाय, चिरंजीव क्लासला गेलेत. आज लिहिणार आहे तो खरं तर कबुलीजबाब आहे, तेव्हा मंडळी, जरा सांभाळून घ्या.

गेली काही वर्षं मी फावल्या वेळात एका ओपन सोर्स प्रकल्पाला हातभार लावतो. प्रकल्प अगदी चिमुकला. जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलायचा आणि युनिकोडमधला जुन्या फाँटमध्ये, बस्स. ज्यांनी डीटीपीच्या दुकानात कधी पाय ठेवला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. युनिकोड रुळायच्या आधीचे मराठी फाँट म्हणजे सोंगाचा खेळ होता. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी अक्षरं साठवतोय, आणि फाँट त्या अक्षरांना देवनागरीचे मुखवटे चढवायचा. कृतीदेवमध्ये पडद्यावर 'मराठी' दिसतं तेव्हा फाइलीच्या पोटात नुसते ई, जे, के, मोठा बी आणि एच असतात. त्या संगणकावर फाँट नसला की मुखवटा गळून पडतो आणि लग्नपत्रिका वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही. त्यात निरनिराळ्या कंपन्यांचे मुखवटेही वेगळे.

बरं, हे बदलणं म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरं ठेवणं इतकं सोपं नाही. 'कि' लिहिताना जुन्या फाँटमध्ये वेलांटी आधी आणि क नंतर येतो. युनिकोडमध्ये क आधी. रफाराचं उलटं. जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर येतो, कारण तो त्याच्या डोक्यावर बसतो. युनिकोडमध्ये तो त्या अक्षराच्या आधी साठवला जातो. शिवाय 'दुसऱ्या'मधला आपला खास मराठी र आहेच, तो तर बऱ्याच हिंदीवाल्यांच्या गावीही नसतो. या सगळ्या खाचाखोचा आमच्या सरांनी एकेक करून सोडवल्या. सर म्हणजे प्रकल्पाचे मूळ लेखक. निवृत्त प्राध्यापक, अत्यंत चिवट.

वेबसाइटही सरांनीच केलेली. पिवळट पार्श्वभूमी, लाल-निळे मथळे, वर सरकती पट्टी. मधोमध दोन भलेमोठे चौकोन आणि त्यांच्यामध्ये दोन बटणं, 'जुन्यातून नव्यात' आणि 'नव्यातून जुन्यात'. वरच्या चौकोनात मजकूर चिकटवा, बटण दाबा, खालच्या चौकोनातून उचला. तळाशी सरांचा मोबाइल नंबर आणि 'अडचण आल्यास संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत फोन करावा'.

खरं सांगतो, मला त्या साइटची लाज वाटायची. ऑफिसात कुणाला दाखवायची म्हटलं तरी मी आधी 'साइट जुनी आहे हं' असं म्हणून घ्यायचो. शेवटी २०२३च्या दिवाळीत सरांना म्हटलं, "सर, मी नवीन करतो." सर म्हणाले, "कर की. मला आता तेवढं दिसतही नाही."

चार शनिवार-रविवार खपलो. मजाही आली. देवनागरीत डिझाइन करताना इंग्रजीतून आलेल्या सवयी कशा अंगाशी येतात ते कळलं. मथळ्याच्या अक्षरांमध्ये जरा हवा सोडली तर शिरोरेषा तुटून दातपडक्या कंगव्यासारखी झाली. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापानं ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर येऊन बसले. देवनागरीला कॅपिटल अक्षरंच नाहीत, त्यामुळे बटणावरचे शब्द ठसठशीत करायचा नेहमीचा उपाय बाद. आणि जोडाक्षरांमुळे देवनागरीचा फाँट इंग्रजीपेक्षा जड, म्हणजे पान उघडायला वेळ. हे सगळं एकेक करून निस्तरलं. डिसेंबरात साइट चढवली. काय दिसत होती म्हणून सांगू! पांढरीशुभ्र, मोबाइलवर झकास, वर मोठ्ठा मथळा, खाली 'सुरुवात करा' असं एकच देखणं बटण.

चौकोन? ते दुसऱ्या पानावर गेले. 'नव्यातून जुन्यात' हे बटण मी 'आणखी पर्याय'मध्ये टाकलं. २०२३ साली युनिकोडमधून मागं कोण जाणार, असा माझा साधा हिशेब. पानांचे पत्ते बदलले, कारण जुने दिसायला गबाळे होते. सरांचा नंबर काढला, त्याऐवजी 'अडचण नोंदवा' अशी गिटहबची लिंक दिली. मित्रांनी वाहवा केली. वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्येही मी ते काम हळूच घुसडलं. (हो, कबुलीजबाब म्हटलं ना.) आलेखही छान चढत होता. आधी माणूस एक पान बघून जायचा, आता चार-पाच पानं बघत होता. मी म्हटलं, वा, लोक रमतायत.

जानेवारीत सरांचा फोन आला. "अरे, एक गृहस्थ तुला फोन करतील. माझा नंबर त्यांनी दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवला होता म्हणून मला मिळाले. नीट बोल त्यांच्याशी."

गृहस्थ सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे डीटीपीवाले. आवाजावरून साठीचे.

"नमस्कार साहेब. ती तुमची साइट बंद झाली का हो?"

"नाही हो काका, उलट नवी केलीय."

"ते बघितलं. झ्याक आहे. पण चौकोन कुठं गेला?"

मी सांगायला लागलो. आधी 'सुरुवात करा' दाबा, मग उजवीकडं 'आणखी पर्याय'... काका मध्येच म्हणाले, "थांबा, लिहून घेतो." त्या 'लिहून घेतो'नं मला पहिल्यांदा कसंतरी झालं.

मग विचारलं, काम कसलं आहे. गावच्या शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली, तिची स्मरणिका. मास्तर लोक आणि माजी विद्यार्थी लेख पाठवतात व्हॉट्सॲपवर, म्हणजे युनिकोडमध्ये. काका पानं लावतात पेजमेकरमध्ये. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ साली आली आणि त्याला युनिकोड कळत नाही. त्यामुळे काकांना रोज लागायचं ते नेमकं उलटं बटण, नव्यातून जुन्यात. मी अडगळीत टाकलेलं.

"मग इतके दिवस काय केलंत?"

"काय करणार? फोन समोर ठेवला आणि टाइप केलं सगळं. दोन रात्री बसलो. चाळीस पानं झाली, अजून तीस आहेत. डोळं चालत नाहीत आता, म्हणून म्हटलं एकदा विचारून बघावं. फुकटची गोष्ट, किती दिवस चालणार? बंद केली असंल म्हटलं. आता पैसं भरायचं असतील तर सांगा, भरतो. पण चालू करा."

माणूस चिडला असता तर बरं झालं असतं. उत्तर देता आलं असतं.

त्या रात्री सर्व्हरच्या नोंदी उघडून बसलो. हे काम खरं तर पहिल्या शनिवारी करायचं होतं. जुन्या साइटवर दोन्ही बटणांच्या नोंदी वेगवेगळ्या होत होत्या. उलट दिशेचं बटण सुलटपेक्षा कितीतरी जास्त दाबलं गेलं होतं. नव्या साइटच्या नोंदीत ४०४च्या रांगाच रांगा. जुना पत्ता साठवून ठेवलेले लोक येत होते, 'पान सापडले नाही' वाचून परत जात होते. आणि ती चार-पाच पानं बघणारी, 'रमलेली' माणसं? ती चौकोन शोधत हिंडत होती!

वेबपत्ते बदलू नयेत, यावर टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच एक आख्खं टिपण लिहिलं होतं. मी ते कॉलेजात असताना वाचलं होतं, पटलंही होतं. पण वाचलेलं आणि पटलेलं ऐन वेळी आठवतं थोडंच!

नंतर विचार करताना मला डेबियन आठवलं. डेबियन म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्सची जुनी, मातब्बर वितरणप्रणाली. तिचं मुखपृष्ठ त्यांनी डिसेंबर २०२० मध्ये नव्यानं मांडलं, चांगलं सुटसुटीत केलं. पण नवख्या माणसाची खरी अडचण मुखपृष्ठावर नव्हतीच. अधिकृत इन्स्टॉलरमध्ये फक्त मुक्त सॉफ्टवेअर असायचं. बऱ्याच लॅपटॉपांच्या वायफायला कंपनीचं बंदिस्त फर्मवेअर लागतं, ते त्यात नसायचं. ते घातलेली वेगळी प्रत होती, पण 'अनधिकृत' असा शिक्का मारून कोपऱ्यात ठेवलेली. तत्त्व म्हणून एक प्रत पुढं, व्यवहार म्हणून दुसरी मागं. शेवटी २०२२ च्या ऑक्टोबरात त्यांच्या मतदानाचा निकाल लागला, फर्मवेअर अधिकृत प्रतीतच द्यायचं ठरलं, आणि जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून तसं सुरू झालं. ती लिंक कुठं ठेवायची हा प्रश्न डिझायनरच्या हातातला नव्हताच मुळी. आपण हे कुणासाठी करतोय, हे सगळ्यांनी मिळून ठरवल्यावरच तो सुटला.

आमच्याकडे तर ठरवणारा मी एकटाच होतो, आणि मी न विचारताच ठरवून टाकलं होतं. साइट कुणासाठी? तर मला ओळखणाऱ्या, माझ्यासारख्याच लोकांसाठी. सगळं जग जुन्यातून नव्याकडं निघालंय अशी माझी समजूत. मधल्या उंबऱ्यावर बसून दोन्हीकडची ने-आण करणारा माणूस मला दिसलाच नाही. आणि ओपन सोर्सची गंमत अशी की तिथं गिऱ्हाईक भांडत नाही. पैसे दिलेले नसतात ना! तो आपला निमूटपणे रात्री जागून टाइप करतो.

असो. दुरुस्ती एका रविवारी झाली. दोन्ही चौकोन पहिल्या पानावर, दोन्ही बटणं शेजारी शेजारी, सारख्याच आकाराची. जुना प्रत्येक पत्ता ३०१ लावून नव्याकडं वळवला, म्हणजे जुनी लिंक दाबली तरी माणूस बरोबर ठिकाणी पोचतो. पांढरी पार्श्वभूमी ठेवली, तेवढा हट्ट राहू दिला :) तळाशी फोन नंबर परत आला. आता माझा आहे, संध्याकाळी ८ ते ९. आठवड्यातून दोन-तीन फोन येतात. निम्मे आमच्या प्रकल्पाचे नसतातच, कुणाचा प्रिंटर चालत नाही, कुणाचा ओटीपी येत नाही. सांगतो जमेल तसं.

मार्चमध्ये पोस्टानं एक पाकीट आलं. आत स्मरणिका. सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही, फक्त मागच्या पानावर 'अक्षरजुळणी' म्हणून काकांच्या दुकानाचं नाव. चाळता चाळता माझ्या लक्षात आलं, पहिल्या चाळीस पानांत टायपिंगच्या चुका आहेत. कुठं वेलांटी राहिलीय, कुठं ओळ दोनदा आलीय. एका मास्तरांच्या नावातलं अक्षरच गळलंय. एकेचाळिसाव्या पानापासून मजकूर स्वच्छ.

ती स्मरणिका टेबलावरच असते. परवा ऑफिसातल्या एका मुलीनं विचारलं, तिच्या प्रकल्पाची साइट नवी करायचीय, कुठली चौकट वापरू? म्हटलं, ते नंतर बघू. आधी जुनी साइट वापरणारा एक माणूस शोध आणि तासभर त्याच्या मागं खुर्ची टाकून बस. काही बोलू नकोस.

चला, चिरंजीवांना आणायची वेळ झाली.