शहाण्या मुलांची भेट



यंदा धाकट्याच्या दप्तरातून चिठ्ठी निघाली. आमच्या सौ.नी ती वाचली आणि काही न बोलता माझ्यापुढे ठेवली. मजकूर ओळखीचाच होता. २४ डिसेंबरला मुलांना लाल कपडे घालून पाठवावे. दीडशे रुपयांपर्यंतची भेटवस्तू रंगीत कागदात बांधून, वर मुलाचे नाव घालून, मुलाला कळू न देता दोन दिवस आधी शाळेत आणून द्यावी. सांताक्लॉज ती मुलांना वाटेल. दोन वर्षांपूर्वी थोरलीच्या दप्तरातून हीच चिठ्ठी आली होती आणि तिच्यापायी आमच्या घरात आठ दिवस धुसफूस चालली होती. आपल्यापैकी पुष्कळांची मुले आता अशा शाळांत जातात, म्हणून ती हकीकत लिहितो.

माझे लग्न उशिरा झाले. मोर्चे, शिबिरे, कुणाचा जातीचा दाखला, कुणाचे रेशनकार्ड, यांत पस्तिशी कधी उलटली ते कळले नाही. म्हणून मित्रांची मुले दहावी-बारावीला आणि माझी अजून चड्डी ओली करणारी, असा प्रकार. त्या वर्षी थोरली साडेतीन वर्षांची होती, धाकटा पावणेदोनचा. भोरमध्ये दोन खोल्यांचे भाड्याचे घर. सकाळी सहाला दिवस सुरू व्हायचा तो रडण्यानेच. थोरलीला दूध नको, चहा हवा, तोही बशीत हवा आणि बशी आजीची हवी. धाकटा सापडेल ते तोंडात घालायचा. खडू, चपलेचा पट्टा, एकदा तर आमच्या मंडळाचे अख्खे पावतीपुस्तक त्याने चघळून ठेवले. मी बी.कॉम. झालेला माणूस, वीस वर्षे दुसऱ्याचा जमाखर्च लिहितो. पण घरातला दुधाचा आणि डायपरचा हिशेब मला कधी जुळला नाही. कचेरीत पोचल्यावर साहेबांनी एकदा माझ्या शर्टावरचे नाचणीच्या सत्त्वाचे पाच बोटांचे ठसे दाखवले, तेव्हा सगळी कचेरी हसली.

अशा घरात ती चिठ्ठी आली. मी लगेच म्हणालो, "२५ डिसेंबर म्हणजे मनुस्मृती दहन दिन. आपण त्या दिवशी महाडला जाणारी माणसे. आपल्या घरात सांता कशाला?"

सौ. म्हणाल्या, "अहो, तुमचं खरं आहे. पण वर्गातल्या सगळ्या पोरांच्या हातात काहीतरी असेल आणि हिचेच हात रिकामे असतील. तिला मनुस्मृती कळत नाही, रिकामा हात कळतो."

आई कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "आरं, पोरीला खेळणं द्यायला सण कशाला लागतो?"

आईचा हा प्रश्न साधा नव्हता. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला तेव्हा माझे वडील गिरणीत होते. संप लांबला तसे ते गावी परत आले. येताना पिशवीत माझ्यासाठी एक पाटी आणि लिमलेटच्या गोळ्यांची पुडी होती. पुढे पुष्कळ वर्षे घरात खेळणे म्हणून काही आले नाही. चौदा एप्रिलला नवा सदरा मिळायचा, तेवढाच. त्या पाटीची एक कड फुटली तरी आईने ती टाकली नव्हती.

शेवटी मी भोरच्या बाजारातून स्टीलची भातुकली आणली. चूल, कढई, तवा, दोन वाट्या. दीडशेत बसली. कागदात बांधली, नाव घातले, गुपचूप शाळेत देऊन आलो.

मधल्या काळात दुसरी गोष्ट घडली. आमचे मंडळ वेल्ह्याकडच्या एका वाडीत काम करते. (तालुक्याचे नाव राजगड करायचा निर्णय २०२४ साली झाला, आमच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) नसरापूरवरून मार्गासनी, तिथून पुढे तोरण्याच्या बाजूला आत वळायचे. आपली बौद्धवस्ती आणि पलीकडे कातकऱ्यांची घरे, दोन्हीकडची लहान मुले एकाच अंगणवाडीत येतात. पुण्यातल्या काही मंडळींनी फोन केला की नाताळनिमित्त मुलांना खेळणी वाटायची आहेत, वाडी सुचवा. मीच सुचवली. ते दोन गाड्या घेऊन आले. एकाने लाल डगला आणि पांढरी दाढी लावली होती. दाढी बघून दोन लहानग्यांनी भोकाड पसरले. बाकीच्यांना रांगेत उभे केले. एकेकाने पुढे यायचे, सांताने विचारायचे, "तू शहाणा आहेस ना?" मुलाने मान हलवायची, खेळणे घ्यायचे, फोटो.

रांगेच्या शेवटी चार वर्षांचा एक मुलगा राहिला आणि पोते संपले. मोजणी चुकली होती, यादी मीच दिली होती. लाल डगल्याचा तरुण तसा मनाने चांगला. त्याने मुलाचा गाल ओढला आणि हसत म्हणाला, "पुढच्या वर्षी आणखी शहाणा हो हं." सगळे हसले. मीही हसलो. मुलगा हसला नाही. तो आपल्या दोन्ही हातांकडे बघत उभा राहिला.

त्या रात्री मला याचे फार काही वाटले नव्हते, हे कबूल करतो. वाटले ते २४ तारखेला. थोरलीला शाळेतून आणायला गेलो तर ती भातुकलीचे खोके छातीशी धरून खुशीत होती. वाटेत स्कूटरवर पुढे उभी राहून बडबडत होती. मग एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "बाबा, तो खूप शहाणा आहे ना?"

"कोण गं?"

तिने वर्गातल्या एका मुलाचे नाव सांगितले. त्याला सांताने मोठी, बटण दाबले की धावणारी गाडी दिली होती. दीडशेची अट सगळ्यांनीच पाळली नव्हती, हे उघड होते. पोर म्हणाली, "तो खूप शहाणा, म्हणून मोठी गाडी. मी थोडीच शहाणी."

मी स्कूटर बाजूला घेतली. काय बोलावे सुचेना. तिचा हिशेब चुकलाच नव्हता. सांता शहाण्या मुलांना देतो असे सांगितल्यावर ज्याला मोठे मिळाले तो जास्त शहाणा, आणि वाडीवरच्या ज्या पोराला काहीच मिळाले नाही तो मुळीच शहाणा नाही, हाच त्याचा अर्थ होतो. मागच्या जन्मी पुण्य केले म्हणून हा वाड्यात, पाप केले म्हणून तो वाड्याबाहेर, हे ज्यांना पिढ्यान् पिढ्या ऐकवले गेले त्यांच्याच घरात मी हे दीडशे रुपये देऊन, रंगीत कागदात बांधून आणले होते! माझा राग सांता परक्या धर्माचा म्हणून होता. तो चुकीच्या जागी होता.

आमच्या कचेरीत नगर जिल्ह्यातले एक ख्रिस्ती सहकारी आहेत. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमच्या गावात नाताळला असला म्हातारा कधी आलाच नाही." त्यांच्या लहानपणी नाताळ म्हणजे घरावर कागदाची चांदणी, घरोघर फिरून म्हटलेली गाणी, देवळातली उपासना, करंज्या आणि नवे कपडे. ते चर्चला देऊळच म्हणतात. आणि ज्या संत निकोलसावरून हा सांता निघाला त्यांची गोष्ट त्यांनी मला सांगितली. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात, मायरा नावाच्या गावी ते बिशप होते. एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि लग्नाला पैसे नव्हते. आख्यायिका अशी की निकोलसांनी रात्रीच्या अंधारात त्याच्या घरात पैशांच्या थैल्या टाकल्या, का तर घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. आणि आम्ही वाडीवर भर उन्हात रांग लावून फोटो काढले होते.

२५ तारखेला ठरल्याप्रमाणे महाडला गेलो. आठ-दहा कुटुंबांनी मिळून जीप केली होती. भोरहून निगुडघर, नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेने हिरडोशी, मग वरंधा घाट. पावसाळ्यात हा घाट बंद ठेवतात, हिवाळ्यात देखणा असतो. पोरांना देखणेपणाचे काय! थोरलीला पहिल्याच चार वळणांत उलटी झाली आणि धाकट्याने वाटेतच कपडे खराब केले. सौ.नी घाटाच्या कडेला बाटलीच्या पाण्याने त्याला धुतला.

चवदार तळ्यावर दुपारी पोचलो. बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे बोट करून थोरलीने विचारले, "बाबासाहेब पण गिफ्ट देतात?"

बरोबरचे सगळे कौतुकाने हसले. एक काकू म्हणाल्या, "त्यांनीच तर सगळं दिलंय गं बाळा." मलाही तेच म्हणायचे होते, आपल्या घरात आपण तेच म्हणतो. पण आदल्या दिवशीचे "मी थोडीच शहाणी" कानात होते. शब्द ओठांवर अडले.

महाडचा इतिहास वाचकांना मी सांगायला नको. पण मी कारकून आहे, माझे लक्ष कागदाकडे जाते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर भेट केव्हाच मिळाली होती. पाणी मात्र मिळाले नव्हते. ते २० मार्च १९२७ रोजी माणसे चालत गेली आणि ओंजळीत घेतले तेव्हा मिळाले, आणि त्याबद्दल डोकी फुटली. डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची तर जागा कोणी देईना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरच्या रात्री तिथे मनुस्मृती जाळली. कोर्टाचा निकाल तर १९३७ साली लागला.

आणखी एक गोष्ट लहान मुलांचा बाप झाल्यापासून मला सोडत नाही. बाबासाहेबांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६च्या जुलैत. पुढच्या मार्चमध्ये ते महाडला होते. धाकट्याला ताप आला की मी मंडळाची बैठक पुढे ढकलतो.

पोरीला हे कसे सांगणार? पायरीवर बसवून विचारले, "शाळेतला नळ कुणाचा?"

"सगळ्यांचा."

"मोठ्या मुलांनी तुला ढकललं आणि पाणी पिऊ दिलं नाही तर?"

"मी बाईंना सांगीन."

"बाईंनीच नाही म्हटलं तर?"

तिने विचार केला. "मी पण पिणार," म्हणाली, आणि मग भेळ मागितली.

जानेवारीत अजून एक प्रसंग झाला, तो आयाबायांसाठी मुद्दाम लिहितो. कुणीतरी दिलेल्या गाणाऱ्या बदकाचे झाकण निघाले आणि आतला बटणासारखा चपटा सेल धाकट्याच्या तोंडात गेला. गालात दिसत होता, सौ.नी बोट घालून काढला. डॉक्टरांनी नंतर सांगितले ते ऐकून आम्ही गार पडलो. हा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. मुलाने गिळल्याची शंका आली तरी उलटी करवू नये, वाट पाहू नये, तडक मोठ्या दवाखान्यात जावे. खेळण्यांवर आयएसआय शिक्का असणे १ जानेवारी २०२१पासून सक्तीचे आहे. तो बघून घ्यावा. सेलच्या झाकणाला स्क्रू असावा. आणि मुलाच्या मुठीत पूर्ण लपेल अशी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालच्या पोराला देऊ नये, मग ती कितीही महागाची असो.

तर यंदाची चिठ्ठी. या वेळी आम्ही दोघे शाळेत गेलो. बाईंना म्हटले, भेट वाटा, लाल टोपी घाला, पण "शहाण्या मुलांना" एवढे म्हणू नका. आणि सगळ्या पालकांकडून सारखे पैसे घेऊन सगळ्यांना एकच वस्तू आणा. बाईंनी ऐकून घेतले. "बघू," म्हणाल्या. थोरलीला मी सांता कोण ते सांगून टाकले आहे. तिने धाकट्याला सांगितले, आणि धाकट्याने मुळीच विश्वास ठेवला नाही.

वाडीवरही आम्ही जाणार आहोत, पण २५ला नव्हे, त्या दिवशी महाड आहे. आदल्या रविवारी जाऊ. अंगणवाडीच्या ताईंनी यादी दिली आहे, २६ मुले. तीन वर्षांखालच्यांना मोठा रबरी चेंडू आणि एकात एक बसणारी भांडी. मोठ्यांना पाटी, जाड मेणाचे खडू आणि एक चित्रांचे पुस्तक. प्रत्येक पिशवी घरी जाऊन आईच्या हातात द्यायची, मुलाला तिनेच द्यावी. फोटो नाही. दोन पिशव्या जास्तीच्या, कारण मोजणी चुकते. यावर आमच्या मंडळात वाद झाला. देणगीदारांना काय दाखवणार, असे खजिनदार म्हणाले. पावत्या दाखवू, मी म्हणालो.

रांगेत शेवटी राहिलेला तो मुलगा आता पहिलीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्यामुळे अंगणवाडीच्या यादीत त्याचे नाव नाही. ते मी तळाशी माझ्या हाताने लिहिले आहे.