ओळख पटली पाहिजे!

कुलपावर माझा पहिल्यापासूनच थोडा राग आहे. कुलूप चोराला अडवतं की नाही, हे चोरालाच ठाऊक; पण घरच्या माणसाला मात्र ते हमखास अडवतं! गावाहून दमूनभागून परतलेला माणूस ओट्यावर पिशव्या टेकवून खिसे चाचपत असतो, आणि कुलूप ढिम्म असतं. तरी जुन्या कुलपाचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. त्याचा संशय फार खोल नसे. किल्लीचे दात जुळले की ते मुकाट्यानं उघडे.

मोटारीच्या बाबतीत तर एके काळी एवढाही संशय नव्हता. पुढं उभं राहून हँडल मारायचं आणि आपलं मनगट सांभाळायचं. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीला बसला आणि मनगटं वाचली. पुढं किल्ली आली. मग चोर किल्लीवाचून तारा जोडायला शिकले. तेव्हा शहाण्या माणसांनी गाडीत एक अदृश्य पहारेकरी बसवला. ब्रिटनमध्ये तर १९९८ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक नव्या मोटारीत तो असलाच पाहिजे, असा दंडक झाला. आज आपल्याकडच्या लहानशा गाडीतही तो आढळतो. त्याचं नाव इमोबिलायझर.

या गृहस्थाची आणि माझी गाठ पडली ती गेल्या दिवाळीच्या सुट्टीत. आमच्या शेजारच्या अण्णांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी वाईहून साताऱ्याला न्यावं लागतं. मुलगा बंगलोरला; गाडी दारात. शाळेला सुट्टी असली की सारथ्य माझ्याकडे. एक पाळी चुकली, तर अण्णांच्या पायांवर सूज चढते, धाप लागते. सातची वेळ दिलेली. साडेपाचला अण्णांना शाल गुंडाळून बसवलं आणि किल्ली फिरवली. स्टार्टर जोरात घुरघुरला. इंजिन मात्र पेट घेईना. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच!

पाच मिनिटांत अर्धी आळी गोळा झाली. कुणी म्हणालं बॅटरी गेली, कुणी म्हणालं पेट्रोलमध्ये कचरा आला. दोघांनी धक्का मारायला बाह्या सरसावल्या. काकू दारात हात जोडून उभ्या. मी गॅरेजवाल्याला फोन लावला. तो माझा जुना विद्यार्थी. शाळेत प्रश्न मी विचारीत असे. आता परीक्षा माझी होती.

“सर, स्टार्टर जोरात फिरतोय ना? मग बॅटरी ठीक आहे. समोर किल्लीचं लाल चित्र लुकलुकतंय का?”

“लुकलुकतंय.”

“मग धक्का मारून उपयोग नाही. गाडी तुम्हाला ओळखत नाहीये. किल्लीच्या कडीत आणखी काय काय आहे?”

मी पाहिलं. घराची किल्ली, गणपतीचं पदक, आणि गाडीचीच दुसरी किल्ली! दिवाळीच्या धांदलीत हरवू नये म्हणून काकूंनी आदल्या रात्रीच ती जोडीला अडकवून ठेवली होती.

“एकच किल्ली कडीतून काढा. बाकीचं सगळं लांब द्या. क्षणभर थांबून सुरू करा. नाही झाली, तर दुसरी किल्ली एकटी लावून बघा.”

मी तसं केलं. लाल चित्र विझलं आणि इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झालं!

वाटेत अण्णांनी कारण विचारलं. मेस्त्र्याकडून पुढं जे समजून घेतलं, ते असं : किल्लीच्या मुठीत तांदळाएवढी एक चकती असते. तिला सेल लागत नाही. कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं. त्याच्या लहरींवरच ती जागी होते आणि आपला गुप्त आकडा सांगते. आकडा जुळला नाही, तर गाडी पेट्रोल किंवा ठिणगी रोखून धरते. काही गाड्यांत तर स्टार्टरही फिरत नाही. शेजारी दुसरी तशीच किल्ली असली, की दोघी एकदम बोलतात. वर्गात दोन मुलं एकदम उत्तर देऊ लागली की मास्तरांना एकाचंही कळत नाही, त्यातलाच प्रकार! बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत बहुधा किल्लीतला सेल संपलेला असतो. तिथं किल्ली बटणाजवळ किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी धरली की बहुतेक वेळा काम भागतं.

“संशयी जात!” मी म्हणालो.

अण्णा हसले. “मास्तर, चौदा महिने झाले. दवाखान्यात तीच सिस्टर मला रोज विचारते, आजोबा, तुमचं नाव काय? आधी मला राग येई. मग कळलं, एकाचं औषध दुसऱ्याला जाऊ नये म्हणून ती विचारते. ओळख असली तरी विचारते.”

मी गप्प बसलो. विचारणं आणि संशय घेणं यांतला फरक अण्णांना यंत्राशेजारी पडल्या पडल्या कळला होता. राखायचं काही असलं म्हणजेच कुणी दारात “कोण?” म्हणून विचारतो. साताऱ्याला आम्ही सातला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. सिस्टरनं अण्णांना नाव विचारलं, आणि अण्णांनी ते पूर्ण, वडिलांच्या नावासकट, ठणठणीत आवाजात सांगितलं.

दुसरी किल्ली हल्ली काकूंच्या डाळीच्या डब्यात असते. कुलपावरचा माझा राग मात्र पुष्कळ उतरला आहे.