जर्मनांचे घर

शनिशिंगणापुरात आमचे घर शोधताना आडनाव सांगून उपयोग होत नाही. 'जर्मनांचे घर' म्हटले की शेंबडे पोरही आणून सोडते. घराला चौकट आहे, दार नाही. गावातील जुन्या घरांची रीतच ती. शनिदेवाच्या गावात चोरी करणाऱ्याला देव सोडत नाही, ही श्रद्धा. २०११ साली येथे उघडलेल्या युको बँकेच्या शाखेनेही कुलुपाला फाटा दिला होता. आम्ही उभयता मराठीचे अध्यापक, नोकरीमुळे नगरला राहतो. (२०२४ पासून अहिल्यानगर, जिभेला अजून सवय व्हायची आहे.) शिंगणापूर आमच्यापैकी एकाचे मूळ गाव, पण लग्नाला वीस वर्षे उलटल्यावर 'तुझे' आणि 'माझे' गाव हा भेद उरत नाही.

घराण्यात एक कथा चालत आली होती. पहिल्या महायुद्धात नगरच्या छावणीतून एक जर्मन कैदी पळाला, शिंगणापूरच्या शिवारात लपला, येथल्या एका मुलीबरोबर त्याने संसार थाटला. तोच आमचा मूळपुरुष. पुरावा काय, तर घारे डोळे! आजोबांचे, वडिलांचे आणि आता आमच्या मुलीचे. लग्नाच्या बैठकीत ही कथा हमखास निघे आणि ती सांगताना वडीलधाऱ्यांची मान किंचित ताठ होई.

कथा अगदीच निराधार होती असे नाही. १९१४ साली युद्ध पेटताच ब्रिटिशांनी हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांची धरपकड केली आणि त्यांतील अनेकांना नगरच्या छावणीत आणून ठेवले. १९३९ साली पुन्हा तेच घडले. गिर्यारोहक हाइनरिख हारर कराचीत पकडला गेला, तोही काही काळ नगरच्याच छावणीत होता. पुढे १९४४ साली देहरादूनहून निसटून त्याने तिबेट गाठले. एकाला तिबेट गाठता आले, तर दुसऱ्याला शिंगणापूर का गाठता येऊ नये?

शिवाय येथे मुळे रुजलेली जर्मन घराणी खरोखरच आहेत. म्युनिकचे छायालेखक योझेफ विर्शिंग १९२५ साली 'प्रेम संन्यास'च्या चित्रीकरणासाठी आले, १९३४ साली मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये रुजू झाले. 'अछूत कन्या' (१९३६) त्यांनीच चित्रित केला. युद्धकाळात नजरकैद भोगूनही ते पुन्हा मुंबईच्या चित्रसृष्टीत परतले आणि १९६७ साली येथेच वारले. त्यांनी छायालेखन केलेला 'पाकीजा' पडद्यावर आला तो त्यांच्या मागे, १९७२ साली. गोव्यात स्थायिक झालेल्या त्यांच्या कुटुंबाने त्यांची छायाचित्रे आणि निगेटिव्ह जपून ठेवल्या. २०१७ साली गोव्यातच त्यांचे प्रदर्शन भरले. त्याविषयी वाचताना आम्हांला आमच्या दारिद्र्याची जाणीव झाली. त्यांच्या घरी पेट्या भरून पुरावे होते, आमच्याकडे फक्त डोळे.

२०२३ साली कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि गावोगावची जुनी कोतवाल बुके बाहेर निघाली. आमच्या भाऊबंदांनीही नेवाशाला खेटे घातले. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांनी आजोबांच्या जन्माची नोंद लावून दिली. भाऊबंदांना हवा होता जातीचा रकाना. आमची नजर अडली ती सालावर: १९११. नगरला जर्मन कैदी येण्याआधी तीन वर्षे! बापाचे नावही चारचौघांसारखे मराठी. आईचे नाव त्या नोंदीत नव्हते.

वडिलांना हे सांगितले तेव्हा ते फार वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कागदात चूक असू शकते." ऐंशी ओलांडलेल्या माणसाशी वाद तो काय घालायचा? आम्ही गप्प बसलो. पण मुलीने प्रश्न सोडला नाही. "मग आपल्याला जर्मन का म्हणतात?"

उत्तर शिंगणापुरातच होते. नव्वदीला टेकलेल्या आत्यांना विचारले, तशा त्या खळखळून हसल्या. "आरं, कुठला गोरा अन् कुठलं काय! माझी आजी जर्मनची भांडी इकायची. मानमोडीत नवरा गेला तिचा. पोर पदरात. डोक्यावर पाटी घिऊन घोडेगावच्या बाजाराला जायची. लोक म्हणायचे, जर्मनवाली आली."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. शब्दांवर पोट भरणारी आम्ही माणसे, आणि हे सुचू नये! आमच्या भागात ॲल्युमिनियमला आजही जर्मन म्हणतात. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूला जर्मन सिल्व्हर हे नाव होते. पुढे तेच नाव स्वस्त, हलक्या, पांढऱ्या ॲल्युमिनियमला चिकटले. मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ. तेव्हा आजोबा सात वर्षांचे होते.

राहता राहिले डोळे. डोळ्यांचा रंग ठरवणारा जनुकातील फरक आईबापांकडून येतो आणि पिढ्यान्‌पिढ्या गुप्तही राहू शकतो. घाऱ्या डोळ्यांच्या प्रत्येक मराठी घरात कोणी पळालेला कैदी दडलेला नसतो.

ही कथा कोणी रचली असेल? बहुधा आजोबांनीच. शिकून नोकरीला लागलेल्या मुलाला डोक्यावर पाटी घेऊन फिरलेली आई सांगणे जड गेले असावे; त्यापेक्षा साहेब बाप बरा वाटला असावा. त्यांना दोष देण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु त्या कथेने जिने त्यांना वाढवले तिचे कष्ट पुसले, मानमोडीत गेलेल्या पतीशी तिचे नातेही पुसले, आणि आम्ही चार पिढ्या ते अभिमानाने सांगत राहिलो. बैठकीतल्या कोणीही कधी विचारले नव्हते की त्या मुलीचे नाव काय होते.

परत निघताना आत्यांनी माळ्यावरून पोचे आलेले एक जर्मनचे पातेले काढून दिले. नगरला आल्यावर ते वडिलांपुढे ठेवले. त्यांनी ते हातात घेतले, कडेवरून बोट फिरवले आणि स्वतःहून आपल्या आजीचे नाव उच्चारले. म्हणजे त्यांना ते ठाऊक होते!

मुलीने वंशावळ नव्याने लिहिली आहे. पहिल्या ओळीत ते नाव आहे, त्यापुढे व्यवसाय: भांडीविक्री. शिंगणापुरात आम्ही अजूनही 'जर्मन'च आहोत. पण आता कोणी कारण विचारले, तर पातेल्याची गोष्ट सांगतो. वडील शेजारी बसलेले असले, तर तेच सांगतात.