मालवणची कालवे

नाशिकच्या माणसास पाणी म्हटले म्हणजे गंगा, अर्थात गोदावरी. ब्रह्मगिरीवर तिचा उगम. तेथून पश्चिम समुद्र सुमारे ८० किलोमीटर. पण त्याच्याकडे पाठ फिरवून ती १,४६५ किलोमीटर चालत पूर्वसमुद्रास मिळते. आम्ही नाशिककरही बहुधा तसेच. माझे सारे आयुष्य पंचवटीत गेले. समुद्र मला पाहून माहीत होता, ओळखीचा नव्हता.

वर्गात मात्र त्याच्याशी नित्य गाठ पडे. वेदान्त्यांचा शुक्तिरजताचा दृष्टान्त मी किती वेळा फळ्यावर मांडला असेल, त्याची गणती नाही. शिंप चकाकते आणि भ्रमाने ती रुपे भासते! परंतु ज्या शिंपेवर हा एवढा डोलारा उभा, ती जिवंतपणी कशी असते हे मुलांस ठाऊक नव्हते, आणि गुरुजींसही नव्हते.

वर्गातील एकास ते ठाऊक होते. तो मालवणचा, वडील नाशिकरोडला नोकरीस. एकदा मधल्या सुट्टीत त्याच्या डब्यातून सुकटीचा वास आला, म्हणून मी सर्वांदेखत त्याला डबा घेऊन बाहेर पायरीवर बसविले. दुसऱ्या दिवसापासून तो आपण होऊनच तेथे बसू लागला. वर्ष संपेपर्यंत मी त्याला आत बोलाविले नाही.

तो आता पन्नाशीस आला आहे. गेल्या माघात त्याचे आग्रहाचे बोलावणे आले. मुंबईहून कोकण रेल्वेने कुडाळ आणि तेथून एस. टी.ने मालवण असा प्रवास झाला. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. इ. स. १६६४ मध्ये शिवछत्रपतींनी तो बांधावयास घेतला व तीन वर्षांत पुरा केला. किल्ल्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी कालवांकडे वळतो.

शुद्ध प्रतिपदेचा दिवस होता. तिथीची पाऊणपट केली की स्थूलमानाने भरतीची वेळ निघते, हा कोकणचा हिशेब माझ्या शिष्याने मला शिकविला. प्रतिपदेस पाऊण वाजता पूर्ण भरती. तेथून सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी सातच्या सुमारास, पूर्ण ओहटी. उधाणाचे दिवस असल्याने पाणी दूरवर हटले होते व एरवी बुडालेले खडक उघडे पडले होते. त्यांवर बायका उकिडव्या बसून टोकदार लोखंडाने ठक्‌ठक्‌ करीत होत्या. जवळ गेलो तेव्हा कळले की ज्याला मी खडकाचा खडबडीतपणा समजत होतो, तीच कालवे! भ्रम येथेही होताच, फक्त रुप्याचा नव्हे, दगडाचा.

कालव लहानपणी एकदा खडकास चिकटले की जन्मभर जागा सोडीत नाही. येणाऱ्या पाण्यातून गाळून घेतलेल्या सूक्ष्म अन्नावर जगते. वरचे झाकण फोडून आतील करडा-पांढरा गोळा पाण्यासकट डब्यात घ्यावयाचा. खालची शिंप खडकावरच राहते. कडा वस्तऱ्यासारख्या. एका बाईच्या बोटांवर जुन्या चिरांच्या रेषाच रेषा होत्या. स्वाती नक्षत्रातील थेंबाचे मोती होतात, ही कविकल्पना मी तिला सांगितली. ती हसली. मोत्याची शिंप निराळ्या कुळातली. या कालवांत बाजारचे मोती मिळावयाचे नाहीत.

दुपारी शिष्याच्या वृद्ध आई म्हणाल्या, “गुरुजीनू, तुमचां जेवण वेगळ्या चुलीर केलंय.” माझे पान निराळे मांडले होते, आतल्या खोलीत. ते पाहून मला ती पायरी आठवली. येथे मला सन्मानाने वेगळे बसविले होते, एवढाच फरक.

मी उठून सर्वांच्या पंगतीत जाऊन बसलो व एक कालव मागितले. घरचा आचार मी जाणतो. तो मोडला हे लपवीत नाही. सुश्रुताने शंख-शुक्तींचा ‘कोशस्थ’ वर्ग आहारात गणला आहे, ही पळवाट त्या वेळी सुचली. पण ती पळवाटच. खोबऱ्याच्या वाटणात आमसुले व तिरफळे घालून कालवे शिजविली होती. पहिला घास गिळताना डोळ्यांत पाणी आले. मऊ, खारट, शेवटी किंचित गोड. दुसरे मागितले नाही. भाताबरोबर सोलकढी मात्र दोन वाट्या घेतली. शिष्याचा मुलगा म्हणाला की कोरियात कालवे कच्चीही खातात, आणि तोंग्यॉन्ग बंदराकडे त्यांची मोठी शेती चालते. मनात म्हटले, माझी मजल शिजविलेल्या एकापर्यंतच!

हात धुताना मी शिष्यास विचारले, “ती पायरी आठवते का रे?”

“आठवते, गुरुजी. तिथे वारा छान यायचा,” तो म्हणाला आणि माझ्या हातावर पाणी ओतीत राहिला.

घरी येऊन मंडळीस सर्व सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “कालवाचे काय ते प्रायश्चित्त रामकुंडावर जाऊन घ्या. पण पायरीचे मला आजवर का सांगितले नाहीत?”

दिवाळीत त्याला सहकुटुंब बोलाविले आहे. पाने माजघरात मांडावयाची, हे तिने आतापासूनच सांगून ठेविले आहे.