तहकुबीचे दिवस

मनोरीत वर्तमानपत्र यायचं ते पाण्यावरून. मार्व्याच्या धक्क्यावर गठ्ठे फेरीबोटीत पडत आणि खाडी ओलांडून गावात पोचेपर्यंत वरचे दोन-चार अंक ओले झालेले असत. 'नवाकाळ' आला की मोठी माणसं नीलकंठ खाडिलकरांचा अग्रलेख उघडत. आम्ही बुद्धिबळवेडी पोरं मात्र खाडिलकरांच्या मुलींचा निकाल शोधत असू.

महिलांची राष्ट्रीय स्पर्धा 1974 साली सुरू झाली आणि पहिली दहा वर्षं अजिंक्यपद वासंती, जयश्री, रोहिणी या तिघी बहिणींच्या बाहेर गेलंच नाही. जयश्री 1979 मध्ये महिला इंटरनॅशनल मास्टर झाल्या, तो किताब मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. रोहिणी 1976 मध्ये, तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा केवढा गहजब झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि बाईला अडवता येणार नाही, असा निर्वाळा जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांना द्यावा लागला. त्याच रोहिणींनी 1981 मध्ये हैदराबादला आशियाई अजिंक्यपद जिंकलं, बारापैकी साडेअकरा गुणांनी.

घरचंच वर्तमानपत्र, त्यांना काय अवघड, असं तेव्हाही लोक म्हणत. मला ते कधी पटलं नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1923 साली सुरू केलेला पेपर पाठीशी असणं हे ओझंही असतं. जयश्री पुढे 'नवाकाळ'च्या संपादक झाल्या. रोहिणींनी 1993 मध्ये स्पर्धा सोडली, मुद्रणतंत्राचा अभ्यास केला आणि 1998 मध्ये त्या 'संध्याकाळ'च्या संपादक झाल्या. पट आणि पेपर दोन्ही एका हयातीत बसले खरे, पण बरेचसे एकामागून एक.

आमच्यासारख्या किरकोळ खेळाडूंना मात्र दोन्ही एकाच दिवशी जमायचं, आणि त्याला कारण होती तहकुबी. पाच तास खेळून डाव अपुरा राहिला की ज्याची पाळी असेल तो पुढची चाल पटावर न खेळता कागदावर लिहायचा. ती पाकिटात बंद व्हायची. पाकिटावर पटाची स्थिती आणि दोघांच्या घड्याळांतली वेळ लिहून डाव पुन्हा सुरू होईपर्यंत पंच ते स्वतःकडे ठेवत. मग मी थेट वर्तमानपत्राच्या रात्रपाळीला. खिळे जुळवणाऱ्यांच्या खात्यातून मुद्रितं येईपर्यंत टेबलावर खिशातला छोटा पट उघडायचा, भोकांत खुंट्या बसणाऱ्या सोंगट्यांचा. हत्ती-प्याद्यांचा शेवट उलटसुलट करून पाहायचा, तेवढ्यात मुख्य उपसंपादक ओरडायचे, "अहो, मथळा कुठाय?" शेवटची बोट केव्हाच गेलेली असे, म्हणून रद्दीच्या गठ्ठ्यांवर पाठ टेकायची आणि सकाळी मालाडहून बस पकडून मार्व्याला यायचं. प्रतिस्पर्धीही कुठल्या तरी बँकेत नाहीतर रेल्वेत चिकटलेला. दोघांचीही झोप सारखीच अपुरी!

नव्वदीत संगणक बळावले आणि तहकुबी मोडीत निघाली. रात्रभरात यंत्राला विचारून येता येत असेल, तर पाकीट बंद करून उपयोग काय? तिकडे पत्रकारितेतली, मुद्रितांची वाट बघायची ती फटही बुजली. आता बातमीदार आधी संकेतस्थळाला चार ओळी देतो, मग कॅमेऱ्यासमोर उभा राहतो, मग छापील अंकासाठी लिहितो. अशा माणसाने नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेसाठी ओपनिंगं कधी घोटायची?

पण नव्याला नावं ठेवायला मन धजत नाही. जुलै 2025 मध्ये बातुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून विश्वचषक जिंकला, तो डाव आमच्या फेरीबोटीतल्या पोरालाही मोबाइलवर चालू असतानाच पाहता येत होता. पटाशेजारची, संगणकाचा अंदाज दाखवणारी काळी-पांढरी पट्टी वर-खाली होते, कुणाचं पारडं जड ते न खेळणाऱ्यालाही कळतं. आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या ओल्या अंकात नुसता निकाल मिळायचा, चाली मिळायला आणखी आठवडा. बातमी आणि डाव एकाच क्षणी घडू लागल्यावर बुद्धिबळाच्या वार्ताहराला स्वतः चांगलं खेळता आलंच पाहिजे, नाहीतर तो पट्टीकडे बघून लिहितो. असे लिहिणारे हल्ली बरेच झालेत.