न दिसणारे अक्षर

१/ मोडी कागदपत्रांची शोधसूची काल रात्री सर्व्हरवर चढवली. सकाळी ती मार्गदर्शकांना दाखवायची होती. पडद्यावर मात्र एकच उत्तर: ‘५००’, अंतर्गत त्रुटी.

२/ १९९३ मध्ये अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेत सीजीआय ही पद्धत घडली. तिच्यामुळे सर्व्हर फाइल नुसती न पाठवता ती चालवून आलेले उत्तर पाठवू लागला. चालवण्याची परवानगी मी दिली होती. तरी एरर लॉग म्हणे, अशी फाइलच नाही. फाइल तर डोळ्यांसमोर होती!

३/ ती कोणत्या प्रोग्रॅमने चालवायची, हे पहिल्या ओळीत असते. दोष तिच्या शेवटी होता. टेलिप्रिंटरला नव्या ओळीसाठी दोन आज्ञा लागत: कॅरेज डावीकडे नेणे आणि कागद सरकवणे. डॉस-विंडोजने दोन्ही खुणा जपल्या. युनिक्सने एकच ठेवली. फाइल मी विंडोजवर लिहिली होती. लिनक्सने जास्तीची अदृश्य खूण ‘पायथन’च्या नावातच धरली आणि त्या नावाचा प्रोग्रॅम त्याला सापडेना.

४/ खूण पुसली. पहाटे शोधसूची चालू झाली. नकलाकारांच्या चुका हेरायला आम्हांला शिकवतात. या खेपेस नकलाकार मीच होते. यापुढे दप्तरात ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळाले, तर आधी विचारेन: नेमक्या कोणत्या नावाने शोधलेत?