अडचण पाहणारी नजर

घरात नवी वस्तू आली की तिची किंमत विचारली जाते. ती कोणाच्या अडचणीतून जन्मली, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक रोजच्या वापरातील कित्येक साध्या वस्तूंचा उगम जवळच्या माणसाचा त्रास ध्यानात घेणाऱ्या नजरेत सापडतो.

अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीत अर्ल डिक्सन हा कापूस खरेदीचे काम पाहत असे. त्याची पत्नी जोसेफाइन हिला स्वयंपाक करताना वरचेवर कापे, भाजे. घरात कापूस होता, चिकटपट्टीही होती. परंतु एका हाताने दुसऱ्या हाताला पट्टी बांधणे कठीण. पती कामावर गेल्यावर मदतीला कोण? १९२० मध्ये डिक्सनने लांब चिकटपट्टीवर ठरावीक अंतराने जाळीदार कापडाच्या घड्या बसवून ठेवल्या. हवा तेवढा तुकडा कापावा आणि स्वतःच लावावा. हीच बँड-एड. यातील साहित्य जुनेच होते; नवी होती ती दुसऱ्यावर अवलंबून राहण्यापासूनची सुटका.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जोसेफ फ्रीडमन आपल्या भावाच्या शीतपेयांच्या दुकानात बसला होता. त्याची लहानगी ज्यूडिथ सरळ कागदी नळीने पिण्यासाठी धडपडत होती. त्याने नळीत एक स्क्रू घातला, आट्यांच्या खाचांवर बाहेरून बारीक दोरा आवळला आणि स्क्रू काढून घेतला. वळ्या पडलेली नळी सहज वाकू लागली. १९३७ मध्ये त्याला पेटंट मिळाले. पहिली विक्री मात्र १९४७ मध्ये एका रुग्णालयाला झाली. मुलीसाठी सुचलेली युक्ती अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या उपयोगी पडली.

सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात होता. फळाची साल काढण्याची सोलणी बारीक दांड्यामुळे त्यांच्या हाती धरवत नसे. फार्बर यांनी न्यूयॉर्कच्या आरेखनकारांकडून जाड, मऊ रबरी मुठीची सोलणी घडवून घेतली. १९९० मध्ये ‘ऑक्सो’ या नावाने ती साधने बाजारात आली. ती रुग्णांसाठीची म्हणून वेगळी ठेवली गेली नाहीत; धडधाकट हातांनाही तीच सोयीची वाटली.

येथे आपल्या घरांनी विचार करावा असे काही आहे. आजींची बोटे आखडू लागली की, ‘तुम्ही राहू द्या, आम्ही करतो,’ असे म्हटले जाते. त्यामागे माया असते, यात शंका नाही. पण एकेक काम हातून काढून घेतले की त्या कामाबरोबर घरातील त्यांची जागाही हळूहळू आक्रसते. त्याऐवजी सुरीच्या मुठीला जाड कापड गुंडाळावे, डब्यांवर ठळक अक्षरांत नावे लिहावीत, न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा बसवावा. खर्च किरकोळ आहे.

मदत करणारा हात नेहमीच जवळ असेल असे नाही. योग्य साधन मात्र हाताशी असते, आणि ते वापरणाऱ्याला कोणाचे उपकार घेतल्यासारखे वाटत नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या माणसांचे हात घटकाभर नीट पाहावेत. कोणती वस्तू हवी, ते तेच सांगतील.